सात देशांत दोनदा वाजलेली पळी

झाशी, मंगळवार

तीर्थरूप दादांच्या पायांशी धाकट्या नीलकंठाचा साष्टांग नमस्कार.

आम्ही बरे आहोत. प्रेमलाचा गुडघा थंडीत कुरकुरतो, माझे कान मात्र अजून शाबूत आहेत. तुमच्या तब्येतीचं कौशिककडून कळतं. पोरगा खोटं बोलणारा नाही, पण "बाबा नीट जेवतात" म्हणण्याआधी घसा खाकरतो, त्यावरून मी समजायचं ते समजतो. (चाळीस वर्षं हॉटेलांच्या भट्ट्या नि पंखे नुसत्या आवाजावरून दुरुस्त करून पोट भरलं, मला एक घसा ओळखू येणार नाही?) इंदूवहिनी गेल्या, तुम्ही पुण्याला लेकाकडे गेलात, त्याला आता वर्ष होत आलं. वर्षश्राद्धालाही झाशीच्या त्या घरात पाऊल टाकवणार नाही, असं तुम्ही कळवलंत. मी वाद घालत नाही. गेल्या गुरुवारी काय झालं, तेवढंच सांगतो.

चिरगाँवच्या जरा पुढे, कानपूर रोडला लागून एक नवं पार्क झालं आहे. झुले आहेत, घसरगुंड्या आहेत आणि एका गल्लीत ओळीने आठ देश आहेत. प्रत्येक देशाला एक रंगवलेलं दार, दारापुढे दोन बाकं आणि त्या देशाचं खाणं. आठही देशांचा स्वयंपाक मात्र तिकीटघरामागच्या एकाच शेडमध्ये होतो आणि डब्यांतून गाडीवर फिरतो. हे मला ठाऊक, कारण त्या शेडचे धूर ओढणारे पंखे मी बसवले आणि त्या खुशीत मालकाने आम्हा दोघांना पास दिले. प्रत्येक देशात पासाला एक भोक पाडायचं नि खायचं. प्रेमला म्हणाली, "जन्मभर मोठ गावाच्या पुढे नेलं नाहीत, आणि आता एका दुपारीत जग उरकताय!"

अकरा वाजले तरी कोहऱ्याचं धुकं उठलं नव्हतं. आमच्याखेरीज पार्कात माणूस नव्हतं. वारा नसताना झुले आपोआप हलत होते (मी दोनदा थांबून पाहिलं, वारा नव्हताच) आणि लाउडस्पीकरवर कुणी बाई कुठल्याशा भाषेत आमचं स्वागत करत होती. पहिला देश जपान. किमोनोच्या बाहीतून स्वेटर डोकावणाऱ्या एका बाईंनी भाताच्या गोळ्यांची बशी पुढे ठेवली. मी पहिला गोळा उचलला, तोच जपानच्या पाठीमागून आवाज आला. टण्, टण्. पातेल्याच्या काठावर पळीचे दोन ठोके.

तुम्हाला सांगायला नको, पण हे पत्र सूनबाई निवेदिता वाचून दाखवेल, तिच्यासाठी लिहितो. आपल्याकडे पाव्हणे फार आणि आमटी थोडी, असे दिवस होते. वाढता वाढता इंदूवहिनी पळी पातेल्यावर दोनदा वाजवायच्या. पाव्हण्यांना वाटे, पळी झटकली. घरच्यांना कळे, अजून कुणीतरी जेवायचं राहिलंय, हात आवरा. की लगेच आम्ही सगळे एका सुरात "पुरे, पोट भरलं!" (तुझा नवरा सात वर्षांचा असताना श्रीखंडाच्या वाटीवर हात ठेवून "पुरे" म्हणाला नि मोरीत जाऊन रडला, हे त्याला विचार.)

तर दादा, जपानात ते दोन ठोके ऐकले मात्र, आम्ही दोघंही एकदम म्हणालो, "पुरे, पोट भरलं!" बशी मागे सारली. किमोनोवाल्या बाई बघतच राहिल्या. "काए चाचाजी, अबै तो कछू खाओ नइयाँ! नोनो नईं लगो का?" काहीच खाल्लं नाहीत, आवडलं नाही का, असं त्या विचारत होत्या.

मेक्सिकोत घास तोंडाजवळ गेला, टण् टण्. पुरे. तुर्कस्तानात टण् टण्. पुरे. थायलंडात प्रेमलाने कान झाकून चमचा उचलला, तर ठोका टेबलाच्या फळीतून तिच्या कोपरात शिरला, असं ती म्हणाली. सात देश झाले, पासाला सात भोकं पडली आणि पोटात सकाळचा चहा. शेवटी मी उठून देशांच्या मागे गेलो. मागे काय असणार? एक कच्ची भिंत, तिच्यापलीकडे मटारचं शेत आणि शेतावर कोहरा. चूल नाही, पातेलं नाही, माणूस नाही. ओल्या मातीत माझ्याच चपलांचे ठसे. पण दादा, आमसुलाच्या आमटीला फोडणी बसल्याचा वास होता. हिंग थोडा जास्त, जसा त्या घालायच्या तसा. मी उभ्या उभ्या "वहिनी?" म्हणालो. शेतातला एक बगळा उडाला, एवढंच.

परत आलो तर प्रेमला शेवटच्या देशापुढे, इटलीपुढे, शांत बसली होती. "अहो, घाबरताय काय? त्या आपल्याला भिववत नाहीयेत. कुणीतरी जेवायचं राहिलंय म्हणून सांगताहेत." मग तिने इटलीवाल्याला हाक मारली, "भैया, एक प्लेट और. तीन."

तिसरी प्लेट तिने रिकाम्या बाकापुढे ठेवली. आम्ही वाट पाहिली. आवाज नाही. एक घास घेतला. आवाज नाही. दादा, जन्मात पहिल्यांदा मी चीजची तार ओढत डोळे पुसले. आमच्या प्लेटा दहा मिनिटांत गार झाल्या. तिसरीतून आम्ही उठेपर्यंत वाफ निघत होती.

प्रेमला विचारते, दादाभावजी खरंच जेवतात का? मी तिला म्हटलं, असं पत्रातून विचारू नये. म्हणून विचारत नाही.

निवेदिता-कौशिकला आशीर्वाद.

तुमचा,
नीलकंठ

ता. क. (बुधवार) वरचं सगळं विसरा. काल शिडी घेऊन मी देशांच्या छपरावर चढलो. एक पत्रा सुटला होता, चार स्क्रू आवळले, आवाज बंद. वासाचं म्हणाल तर उपाशी माणसाला कसलाही वास येतो. प्रेमलाला हे अजून सांगितलेलं नाही.

ता. क. २ (गुरुवार) काल रात्रीपासून ठोके घरी वाजू लागले आहेत. इथे पत्राही नाही आणि वहिनींची पळीही नाही, ती तुम्ही ट्रंकेत घालून नेलीत. आज सकाळी मी फोन केला, तुम्ही "जेवलो रे" म्हणालात आणि तुमच्या मागे, पुण्यात, स्वच्छ दोनदा वाजलं. मी कौशिकला विचारलं. तो म्हणाला, ट्रंकेला कुलूप आहे, किल्ली बाबांच्या जानव्याला. या खेपेला त्याने घसा खाकरला नाही.

वर्षश्राद्धाला या दादा, पळी घेऊन या. प्रेमलाने तुमचं पान मांडून ठेवलंय, तरी ठोके थांबत नाहीत. कालपासून आम्ही दोघं ताटावर बसतो, "पुरे" म्हणतो नि उठतो. लवकर या, फार भूक लागली आहे.