मंगळावर कुणी राहायचं

शालू,

गुरुवारी मिरजेच्या दवाखान्यातून आई गेल्याची तार आली, तेव्हा रडता रडता तू विचारलंस, "आबा, आईचं कार्ड टाकलं हुतं न्हवं?" मी हो म्हणालो. ते खोटं होतं.

मासिकातल्या गोष्टीत कप्तान धरून तिघं मंगळावर अडकली आणि विमानात दोघांचीच जागा उरली. मागं कुणी राहायचं ते वाचकांनी कळवावं, असं छापलं होतं. यंत्रं सांभाळणारी सुमती परत यावी, यावर आपलं एकमत होतं. मी म्हणालो, आचारी भिकोबाला मागं ठेवा. पलटणीत मी तेच बघितलं, आधी कप्तानाला वाचवतात. आई खाटेवरून म्हणाली, "आवं, पलटणीत भाकरी कप्तान थापत हुता व्हय? ज्यानं नेलं त्यानंच ऱ्हावं. भिकोबाची लेकरं वाट बघत्यात." तू हसलीस आणि तिचं मत कार्डावर लिहून माझ्याकडं दिलंस. माझं हसं झालं, म्हणून रागानं मी ते टाकलं नाही.

कप्तानाशिवाय विमान परतणार नाही, असं मला अजून वाटतं. पण कार्ड तिचं आहे.

मुदत आज संपते. टपालानं पोचायचं नाही, म्हणून पहिल्या मोटारीनं सांगलीला मासिकाच्या छापखान्यात जातो. घरात बसवतही नाही. सुतकात बाहेर पडलो म्हणून धोंडुआत्या बोलेल, तू मधे पडू नकोस. म्हशीला वैरण टाकली आहे. शेजारून भाकरी येईल ती खा, काल तू जेवली नाहीस.

छापखानेवाले हाती दिलेलं कार्ड घेतील का, ठाऊक नाही. कार्ड अजून माझ्याच खिशात आहे.

आबा