बाराव्या पानावरची ताई

कसबा पेठ, पुणे
१८ ऑगस्ट २०२५

प्रिय स्पृहाताई,

नमस्कार, आशीर्वाद दे, इकडे सगळे मजेत, तुम्ही दोघं कसे आहात? झाला मायना. आई म्हणाली, पत्र आहे तर पत्रासारखं लिही.

पत्र अशासाठी, की मेसेज केला असता तर तू अंगठा पाठवून मोकळी झाली असतीस. बाबा तुझ्या लग्नाला आले नाहीत, तेव्हापासून तू आपला जिना चढली नाहीस, आणि मला नुसते अंगठे येतात. संतोषभाऊजींना सांग, आईबरोबर पाठवलेली संत्राबर्फी बाबांनी एकट्याने संपवली. कुठून आली ते विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं ना!

तुला एक विचारायचंय. पण ते शेवटी. आधी बातमी.

मी पुस्तक करतोय! मुलांसाठी, आणि सरळ वाचायचं नाही. दर पानाच्या शेवटी वाचणाऱ्याने ठरवायचं. डावीकडे वळायचं असेल तर पान सात, उजवीकडे तर पान वीस. गोष्ट अशी : उद्या गणपती येणार आणि कल्हईला दिलेलं मोदकपात्र गायब. तुम्ही ते संध्याकाळच्या आत शोधायचं. तांबट आळीत विचारा, मंडईत नारळवाल्याकडे चौकशी करा, नाहीतर चुकीच्या बसमध्ये बसा आणि थेट कात्रजला सापांसमोर उभे राहा. दुपारी एक ते चारमध्ये कुठल्याही दुकानात गेलात तर एकच वाक्य : ‘दुकान बंद आहे. तुमची गोष्ट संपली.’ आमच्या प्रेसमधले सगळे म्हणतात, पुस्तकातलं हेच काय ते खरं आहे.

इतके फाटे डोक्यात राहीनात. मग प्रेसमधल्या चुकीच्या छापलेल्या लग्नपत्रिका उचलून आणल्या, एकेका पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर एकेक पान लिहिलं आणि ती सगळी पानं गॅलरीतल्या दोरीवर चिमट्यांनी लावून टाकली. बाबा म्हणाले, “छान. माझा टॉवेल कोणत्या पानावर वाळत घालू?”

आता खरी बातमी. ऋचा तुला आठवत असेल. माझी कॉलेजातली मैत्रीण, हिंजवडीत कंपनीची सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढते आणि त्याचा पगार घेते. तिच्यासाठी मी पुस्तकाची एक वेगळी प्रत केली. त्यात शेवटी दोन जास्तीची पानं घातली, एकेचाळीस आणि बेचाळीस. एकेचाळीसवर मोदकपात्राचं झाकण उघडलं की आत प्रश्न : ‘केदारशी लग्न करशील?’

तोंडाने विचारायची हिंमत नव्हती गं. हसू नकोस.

आणि त्या पानावर जायचा रस्ता कुठून ठेवला? तर चुकीच्या बसमधून! म्हटलं, गंमत म्हणून तरी कोणीही चुकीच्या बसमध्ये बसेल. ताई, ऋचा नाही बसली. ती सरळ तांबट आळीत गेली, पावती दाखवली, पात्र घेतलं आणि घरी आली. मला फोन करून म्हणाली, “छान आहे. जरा सोपंय.” मी चार दिवस जेवलो नाही. बरं, जेवलो, पण चव नव्हती.

पण चुका काढणारी बाई एका रस्त्यावर थोडीच थांबते? रविवारी तिने मला अमृततुल्यात बोलावलं. टेबलावर मोठा कागद पसरला, त्यावर माझ्या सगळ्या पानांचे गोल आणि बाण. चहा आला तरी कागद हलवेना. एकेचाळीसच्या गोलावर बोट ठेवून म्हणाली, “इथे दोन पर्याय आहेत. ‘हो’ आणि ‘हो, पण आधी चहा’. दोन्ही बेचाळीसवर जातात. ‘नाही’ कुठाय?”

“सुचलं नाही.”

“सुचलं नाही की घाबरलास?”

“घाबरलो.”

“मग हे विचारणं नाही, केदार. ही ढकलाढकली झाली. ‘नाही’चं पान लिही. आणि नीट लिही. नाही म्हणणारीलासुद्धा गोष्ट मिळाली पाहिजे.”

तिथेच पेन काढून बसलो. लिहिलं, की तुम्ही ‘नाही’ म्हणालात. हरकत नाही. तुम्ही घरी जाता, मोदक गरम आहेत. केदार काही दिवस तोंड पाडून हिंडेल, मग तुम्हाला चहाला बोलवेल, आणि हा विषय पुन्हा काढणार नाही.

तिने ते दोनदा वाचलं. डोळे पुसले. म्हणाली, “हं, आता पुस्तक पूर्ण झालं.” आणि माझ्यासमोर पान उलटून बेचाळीसवर गेली. मी इतक्या जोरात ओरडलो, की चहावाल्याने गॅस बंद केला.

साखरपुडा दसऱ्याला, आपल्याच घरी.

आता बाबांचं. बाराव्या पानावर एक सोय आहे : ‘अडलात? ताईला फोन लावा.’ तिथे तू बोलतेस. “रडू नकोस, गाढवा. आधी पाणी पी. मग पात्र शेवटचं कुठे पाहिलंस ते आठव.” दुसरं काही सुचवावंच लागलं नाही, तू लहानपणापासून हेच तर म्हणत आलीस. बाबा रोज टॉवेलच्या निमित्ताने गॅलरीत जातात आणि पानं वाचतात. तांबट आळीत पोचले की बारा. मंडईत पोचले की बारा. काही अडलेलं नसतं, तरी बारा. मी म्हटलं, “बाबा, दुसरेही रस्ते आहेत.” तर म्हणाले, “फालतू आहेत.” परवा बारावं पान दोरीवरून गायब झालं. शर्ट भिजत घालताना आईला त्यांच्या खिशात सापडलं.

त्यांना तुझी फार आठवण येते, ताई. मलाही येते.

तर ते विचारायचंय. दसऱ्याला येशील? आधी मी लिहिणार होतो, की तू आलंच पाहिजेस, आईची शपथ वगैरे. पण ऋचा माझ्या शेजारी बसून चुका काढतेय. म्हणून दोन्ही पानं नीट लिहितो.

येणार असशील तर : स्टेशनवर मी उभा आहे. बाबांनी माफी मागितलीच तर ती पुणेरी असेल, ती ओळखावी लागेल.

येणार नसशील तर : मी आणि ऋचा पेढे घेऊन नागपूरला येऊ, बाबांचा विषय काढणार नाही, आणि तुझ्याकडचा चिवडा संपवून जाऊ. तुझ्यावर रागावणार नाही. बाराव्या पानावर तूच राहशील.

दोन्ही पानं मनापासून लिहिलेला, आणि पहिल्याच पानावर बोट ठेवून बसलेला,
तुझा गाढव,
केदार

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात बाबांनी विचारलं, “कोणाला?” मी म्हटलं, “ताईला.” ते दारापर्यंत जाऊन आले. मग म्हणाले, “जिन्यात फार अंधार असतो. ती नेहमी ओरडायची.” आत्ता भरदुपारी ते स्टुलावर चढून बल्ब लावताहेत, आणि मी एका हाताने स्टूल धरून हे लिहितोय.