न हलणारी दीर्घिका आणि बाबांचा गुडघा

तीर्थस्वरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (दिवसभर खुर्चीत वाकून पाठ धरली आहे, तेव्हा उभ्यानेच केलाय. गोड मानून घे.) तुझा रक्तदाब कसा आहे? मिठाची बरणी काकांनी अजून वरच्या फळीवरच ठेवलीय ना? मी ठणठणीत आहे. बाबांचा गुडघा मात्र तसाच. ऑपरेशन होऊन महिना झाला, डॉक्टर म्हणतात आत्ता चालले नाहीत तर सांधा कायमचा आखडेल, आणि बाबा काही खुर्ची सोडत नाहीत. हे आईने तुला कळवलंच असेल. यात माझा हात किती आहे ते तिने कळवलेलं नसणार, कारण तिला ते पुरतं माहीत नाही.

माझं काम तुला ठाऊक आहे. (तू लोकांना 'ती तारे मोजते' म्हणून सांगतेस. असू दे.) मी खरं तर दीर्घिका बघते, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचं एकेक खटलं. ही खटली इतकी लांब असतात की नुसतं टक लावून बसलं तर जन्म जाईल, जागची हललेली दिसणार नाहीत. म्हणून आम्ही त्यांचा उजेड घेतो आणि त्यातले रंग सुटे करतो. त्या रंगांत ठरावीक जागी रेघा असतात. दीर्घिका लांब जात असली की रेघा तांबड्याकडे सरकतात, आणि किती सरकल्या त्यावरून वेग काढायचा. एका कडेच्या रेघा जास्त सरकल्या नि दुसऱ्या कडेच्या कमी, तर बाईसाहेब स्वतःभोवती गिरक्याही घेतायत असं समजायचं. लांबच्या सगळ्या जणी आपल्यापासून पळतच असतात. (आपण काही केलेलं नाही, मनाला लावून घेऊ नकोस.)

तर पंधरवड्यापूर्वी मला एक अशी सापडली की तिची रेघ तसूभरही सरकली नव्हती. पळणं नाही, गिरक्या नाहीत, बसलीय आपली ठाण मांडून! मी धावत साहेबांच्या खोलीत गेले. आमचे साहेब चांगल्या बातमीलाही कपाळावर आठ्या घालतात, पण त्या दिवशी त्यांनी मला स्वतःची खुर्ची दिली आणि बाहेरच्या चार जाणकारांना माझ्या भाषणाचं आमंत्रण धाडलं. त्याच भरात मी बाबांना फोन केला. आत्या, इतकी वर्षं मी हे काम करतेय, बाबांचा प्रश्न एकच, 'सुट्टी कधी?' त्या दिवशी मात्र त्यांनी इतकं खोदून विचारलं की माझा कान गरम झाला. लगेच शेजारपाजारी सांगून झालं. आणि दुसऱ्या दिवशी व्यायाम करून घेणाऱ्या बाई आल्या, तर त्यांना म्हणाले, 'माझ्या मुलीने शोधलंय, अख्खी दीर्घिका जागची हलत नाही. तिला कोणी ऊठ म्हणतं का?' बाई बिचाऱ्या चहा पिऊन परत गेल्या. तेव्हापासून रोज हेच चाललंय.

भाषणाच्या आदल्या दिवशी मी आपली खात्री म्हणून आणखी तीन दीर्घिका तपासल्या. त्याही थांबलेल्या! एक थांबली असती तर माझं नाव झालं असतं, चौघी थांबल्या म्हणजे माझंच काहीतरी शेण खाऊन झालेलं. झालं होतं ते असं, की दीर्घिकेच्या उजेडासोबत शेजारच्या रिकाम्या आकाशाचीही एक पट्टी घ्यावी लागते. आकाशात इकडचातिकडचा उजेड मिसळलेला असतो, तो वजा करायला. मी चारही वेळा दोन पट्ट्यांची अदलाबदल केली. दीर्घिका टाकून दिली आणि रिकामं आकाश जिवापाड जपलं. त्या आकाशात काय होतं? आमच्याच वेधशाळेच्या फाटकावरचा पिवळा दिवा. तो कुठे पळणार गं, खांबाला ठोकलाय!

मी जाऊन साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी समोरचा माझा चहा पिऊन टाकला आणि म्हणाले, 'दिव्याचं बारसं करायच्या आत आलीस हे बरं केलंस.' भाषण झालंच, फक्त दिव्यावर. चारही जाणकार पोट धरून हसले. नोकरी शाबूत आहे. आता मी खोलीत शिरले की कोणीतरी हटकून विचारतं, 'दिवा मालवलास का?'

बाबांना मात्र अजून सांगितलेलं नाही. दोनदा फोन लावला, दोन्ही वेळा त्यांनी आधीच विचारलं, 'आपली दीर्घिका कशी आहे?' आपली म्हणाले गं! मग मी 'मजेत आहे' म्हणून फोन ठेवला.

काकांना नमस्कार. बाकी सर्व क्षेम.

तुझी वेंधळी भाची

ता. क. : पत्र लिहिलं ते खरं यासाठीच. बाबा घाबरतात ते फक्त थोरल्या बहिणीला. तूच जाऊन त्यांना खरं काय ते सांग ना.

ता. क. २ : नाही, नको. माझी चूक सांगू नकोस, एवढे खूश आहेत. त्यापेक्षा सांग की ती आता चालायला लागली.

ता. क. ३ : पटलं नाही तर आकडा सांग, हा अगदी खरा आहे, या वेळी योग्य पट्टीवरून तीनदा काढलाय. सेकंदाला नऊ हजार किलोमीटर. तुझ्या भावाला फक्त कोपऱ्यापर्यंत जायचंय.