धूर कुठून काढायचा

प्रिय एर्मेस,

नाताळच्या कार्डाशिवाय माझं अक्षर दिसलं की तू घाबरणार, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते: आई आहे. खाते, पिते, मला बोल लावते. पण गेल्या मंगळवारी ती थोडक्यात वाचली. ते सगळं मला पहिल्यापासून सांगायचंय, तेव्हा मध्येच पत्र खाली ठेवू नकोस.

आईला आता लाकडं फोडवत नाहीत आणि माझ्या गुडघ्यांनी तर केव्हाच संप पुकारलाय. म्हणून थंडी सुरू व्हायच्या आधी ऑरेलिओनं स्वयंपाकघरात पेलेटची शेगडी आणली. लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्यांवर चालते ती. गोळ्या आपोआप पडतात आणि विजेचा पंखा धूर नळीतून बाहेर ढकलतो. माझा नवरा तुला ठाऊक आहे, नवी वस्तू घरात आली की पोरासारखा नाचतो. प्रश्न एकच होता, नळी काढायची कुठून? बसवणारा म्हणाला, "बाई, तुमच्या जुन्या चुलीचं धुराडं आहे की सरळ छपरावर जाणारं! त्यातून पोलादी नळी सोडतो. वीज गेली तरी धूर आपला आपण वर चढेल. भिंतीतून काढलीत तर सगळी मदार पंख्यावर. आणि कायद्यालाही छप्परच लागतं." मी लगेच हो म्हटलं. आई मात्र उठली, चुलीच्या ओट्यावर जाऊन बसली आणि तिनं साखळी धरली.

धुराड्यात नळी सोडायची तर आत टांगलेली साखळी उतरवावी लागणार होती. पोलेंटाचं, मक्याच्या पिठाच्या घाट्याचं पातेलं जिला लटकायचं, तीच. घरात नवी सून आली की सासू तिला चुलीपाशी नेऊन जी साखळी हातात देते, तीच. पुढचं मी लिहीत नाही, तुला नि तुझ्या असुंताला माहीत आहे. आई म्हणाली, "हिला उतरवेल तो घरचा थोरला मुलगा. तो नाही, तर कोणी नाही." ऑरेलिओ वैतागला, "अहो सासूबाई, थोरला आहे फ्रान्समध्ये आणि थंडी आहे इथं!" त्यावर आई म्हणते कशी, "मग थंडीला सांग थांबायला."

तेव्हा राहिली भिंत. मावळतीची भिंत चांगली आडोशाची, खाली नुसता ओढा, कोणाची खिडकी नाही. पण तिचं नाव काढताच आईचा चेहरा उतरला. जानेवारीत तीन राजांच्या सणाला आपण माळावर होळी पेटवतो, तेव्हाचं म्हणणं तू विसरला नसशील: धूर उगवतीला, तर झोळी घे नि बाजाराला जा, धूर मावळतीला, तर झोळी घे नि परमुलखात जा. तू गेलास त्या वर्षी धूर मावळतीलाच वळला होता आणि सारा गाव आईकडे बघत होता. "एकदा गेला तेवढा पुरे," ती म्हणाली. ऑरेलिओच्या चुलतभावानंही री ओढली, "उगवतीलाच पाडू भोक, शकुन तरी बरा!" बसवणाऱ्यानं हात जोडले आणि तो निघून गेला. मग या दोन शहाण्यांनीच उगवतीची भिंत फोडली. हिवाळ्यात बोरा, तो गार सुसाट वारा, उगवतीकडूनच अंगावर येतो हे आपल्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण शकुन पाहायला बसलं की वाऱ्याला कोण विचारतो!

सुरुवातीला झकास चाललं. आई शेगडीवर मोजे ऊन करायची आणि ऑरेलिओ मिशीत हसायचा. मी मात्र जरा वारा सुटला की कान टवकारून बसायची. मंगळवारी दुपारची जेवणं झाल्यावर बोरा सुटला. ऑरेलिओ कामावर होता, मी खाली दुकानात पाव आणायला गेले होते. पाव पिशवीत टाकते न टाकते तोच दुकानातले दिवे गेले. मी पिशवी तिथंच टाकली आणि चढावर धावत सुटले, या गुडघ्यांनी. वारा समोरून ढकलत होता. पंखा बंद आणि नळीचं तोंड वाऱ्यात, एवढं एकच डोक्यात होतं. दार उघडलं तर स्वयंपाकघरात धूरच धूर. खुर्ची रिकामी. हाका मारल्या, ओ नाही. चाचपडत पुढे गेले तर आई चुलीच्या ओट्यावर आडवी पडलेली, साखळीचं टोक मुठीत. ती मूठ मला सोडवेना. कशीबशी सोडवली आणि तिला ओढत अंगणात आणलं. एर्मेस, ती गेलीच असं मला वाटलं होतं.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, जुनं धुराडं उघडं होतं, त्यानं बराच धूर ओढून घेतला म्हणून वाचल्या. आता ती घरी आहे. भिंतीतलं भोक चिंध्यांनी बुजवलंय, शेगडी थंड पडलीय. आमच्या खोलीत चल म्हटलं तर हलत नाही, कोट घालून चुलीपाशीच बसते. डोंगरावर बर्फ उतरलंय आणि डॉक्टरांनी बजावलंय की तिच्या छातीला आता गारठा सोसणार नाही.

काल मी तिच्यावर ओरडले. दार चार पावलांवर असताना तू चुलीकडे का गेलीस, म्हणून विचारलं. ती म्हणाली, "बाहेर पडायचं म्हणून साखळीला हात लावून निघाले, तर ती सोडवेना. सून होऊन आली तेव्हा ही मी असुंताच्या हातात दिली नाही. दक्षिणेकडची, परकी म्हणून उंबऱ्याबाहेर उभी ठेवली तिला, बर्फात, नव्या चपलांवर. एर्मेसला लिही, साखळी त्यानं उतरवावी. पण त्याआधी ती असुंताच्या हातात द्यायची. मी देईन." मी म्हटलं, आणि ती आलीच नाही तर? "तर मी अशीच थंडीत बसेन. तीही उभी होतीच की." पुढच्या शनिवारी बसवणारा धुराड्यात सोडायची नळी घेऊन येतोय. हे पत्र आधी असुंताला वाचून दाखव, मग गाडीची वेळ बघ.

तुम्हा दोघांची वाट पाहणारी,
तुझीच
नोएमी