माझ्यामागे या दोन खोल्यांत कोण राहील

मी, पुस्तकबांधणी करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, हे पूर्ण शुद्धीत आणि आपल्या मर्जीने लिहून ठेवते. अक्षर वाकडे येते ते वयाने. डोके ठिकाणावर आहे.

१. या दोन खोल्या जुन्या, कायद्याने भाडे गोठवलेल्या. पावती माझ्या नावाची. नकाशे काढणारे गृहस्थ सव्वीस वर्षे माझ्याबरोबर इथे राहतात. आमचे लग्न नाही, कारण त्यांचे आधीच झालेले आहे आणि त्यांच्या बायकोने, म्हणजे बाईंनी, सोडचिठ्ठी दिली नाही. घरमालक म्हणतो, लग्नाचा दाखला नसेल तर माझ्यामागे त्यांनी जागा सोडावी. वकीलबाई म्हणतात, भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही. एका घरातले म्हणून राहिल्याचा पुरावा मात्र चालतो. म्हणून शपथेवर लिहिते: चूल एक, वीजबिल त्यांच्या नावाचे, भांडणे दोघांची.

२. दाबयंत्र, सुया आणि कातडे भाचीला. भावाला काही नाही. मुलीच्या लग्नाला त्याने मला "एकटीच ये" असे कळवले होते.

३. बाईंचा मला हेवा वाटतो. वर्षाला त्यांचे यांच्या नावाने एक पत्र येई, ते मी वाफेवर उघडून वाचत असे. आत नुसती तब्येतीची चौकशी. त्यानेच जास्त जळले.

गेल्या वर्षी यांची शस्त्रक्रिया होती. कागदावर नातेवाइकाची सही हवी, माझी चालेना. मीच बाईंना फोन केला. त्या आल्या, सही केली आणि परिचारिकेला म्हणाल्या, "यांच्या घरचं माणूस या आहेत. यांना आत सोडा, मी बाहेर बसते."

ते उपकार मला अजून पचलेले नाहीत.

४. बाईंनी इथे कधी राहायला येऊ नये, अशी अट मला घालायची होती. ती टिकणार नाही म्हणे. यांना विचारले तर म्हणाले, "तू गेल्यावर इथे कोण येतं, ते तुला दिसणार आहे का?" तीन दिवस मी अबोला धरला. चौथ्या दिवशी बाईंच्या दारात जाऊन उभी राहिले. घरमालकापुढे लग्नाच्या बायकोच्या शब्दाइतका भारी शब्द दुसरा कोणाचा? त्यांनी उभ्या उभ्या लिहून दिले: माझे पती सव्वीस वर्षे या बाईंच्याच घरी राहतात. अक्षर माझ्यापेक्षा सुरेख. कागद सोबत जोडला आहे.

५. आता बाई आल्या तर येवोत. पण पलंगावर भिंतीकडची बाजू माझी. ती मोकळी ठेवावी.

सही: पुस्तकबांधणीवाली
साक्षीदार: खालच्या मजल्यावरच्या डॉक्टर, कोपऱ्यावरचे चष्मेवाले
ठिकाण: राहती जागा, दुसरा मजला
तारीख: चौदा मार्च