वेल्डरच्या शेजारची खुर्ची

प्रिय (खोडणार होतो, पण राहू दे),

परवा अंगणात तू तुझी सिगारेट माझ्या सिगारेटवर न पेटवता पाकिटात परत ठेवलीस, तिथेच माझं डोकं फिरलं. या व्यसनमुक्ती केंद्रात काडेपेटी ठेवू देत नाहीत. वॉचमन एकाची पेटवून देतो, बाकीचे एकमेकांच्या विस्तवावर भागवतात. पावडर सुटली, गोळ्या सुटल्या; तू वाकून माझ्या विस्तवाशी यायचीस, म्हणून मी इथे टिकलो.

"आता हीपण सोडतेय," म्हणालीस. "डॉक्टरीणबाई म्हणतात, पावडरीतून वाचलेले पुष्कळजण पुढे सिगारेटनेच जातात."

"एकटीच सोडतेयस?"

"वेल्डरदादा आहेत ना सोबत."

दादा! आपल्यासारखाच इथे दाखल झालेल्या त्या वेल्डरला तोंडाने दादा म्हणायचं आणि त्याच्या फालतू विनोदांवर खुर्चीतून पडायचं!

काल खिडकीतून पाहिलं. डॉक्टरीणबाईंच्या सिगारेट सोडण्याच्या वर्गात तो श्वासातला धूर मोजायच्या नळीत फुंकत होता आणि आकडा उतरला म्हणून तू टाळ्या वाजवत होतीस. मी पावडर सोडली तेव्हा साधी चुटकी तरी वाजवलीस?

रागाने लागोपाठ सिगारेटी ओढल्या आणि जिन्यातच धाप लागून बसलो. वेल्डर टणाटण वर जाताना म्हणाला, "काय हिरो, इंजिन तापलं?"

म्हणून आज त्याच वर्गाला येतोय. तब्येतीसाठी नाही, उगाच गैरसमज नको. तुमच्या दोघांच्या मधली खुर्ची मला हवी आहे. पाकीट बेसिनमध्ये भिजवलंय. हे पत्र मात्र गादीखालीच राहील.

मी फुंकेन तेव्हा त्याच्या वेळेपेक्षा जोरात टाळ्या वाजव.

तुझाच,
दार ओढून घेऊन निघालेला