खातं कुणाच्या नावावर

प्रिय धाकटे,

मी बरी आहे. कपड्यांच्या कारखान्यात काम मिळालंय, दिवसभर कॉलर शिवते. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. रडू येईल असं वाटलं होतं, पण येत नाही.

तुझ्या भावजींनी माझ्यावर कधी हात उचलला नाही, हे खरं. त्यांना फक्त सगळं ठाऊक असायचं. मी दवाखान्यात जाऊन आले की हे जेवताना विचारायचे, "डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?" मी गेल्याचं सांगितलेलंही नसायचं. तुला पाठवलेल्या मेसेजमधलं वाक्य दुसऱ्या दिवशी त्यांच्या तोंडून ऐकू यायचं. आधी वाटलं, माणूस जीव लावतो. मग वाटलं, मलाच वेड लागतंय.

शेवटी मोबाइलच्या दुकानात गेले. म्हटलं, ज्यात कुणी डोकावणार नाही असा फोन द्या. तिथल्या बाईंनी अँड्रॉइड आणि आयफोन शेजारी ठेवले. पहिल्यात हवं ते बदलता येतं, बाहेरचं ॲपही टाकता येतं. पण फोन ज्याच्या हाती पडेल, त्यालाही ते जमतं. दुसऱ्यात कंपनी फारसं काही करूच देत नाही, आपल्यालाही आणि इतरांनाही. लोकेशन, माईक कुठल्या ॲपला द्यायचा, ते दोन्हींत आपणच ठरवायचं. मी मान डोलावत होते. मग माझा फोन बघत त्यांनी सहज विचारलं, "ह्या फोनमधलं खातं कुणी उघडलंय? पासवर्ड कुणाकडे असतो?"

"ह्यांच्याकडे."

"मग ताई, कुठलाही घ्या. ज्याच्याकडे पासवर्ड, त्याला सगळं दिसतं. काय फरक पडतो?"

धक्का बसायला हवा होता. मी नुसती काउंटरवरची कव्हरं बघत राहिले. घरी आले तर हे दारातच म्हणाले, "नवा फोन हवाय का? मला सांगायचंस ना."

मंगळवारी फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला आणि निघाले. त्यांच्या नकाशावर मी संध्याकाळपर्यंत घरातच होते. आता साधासा फोन घेतलाय. खातं माझं मीच उघडलं.

हे तुला फोन करून सांगता आलं असतं. पण तुझा फोन आमच्या लग्नात त्यांनीच दिला, त्यातलं सगळं त्यांनीच लावून दिलं. आईच्याही फोनमधलं. म्हणून पोस्टाने पत्र पाठवतेय. पत्ता मागच्या बाजूला आहे. फोटो काढू नकोस, कुठे टाइप करू नकोस. पाठ कर आणि कागद फाडून टाक. ते घरी येतील, गोड बोलतील, तुझा फोन नीट करून देतो म्हणतील. देऊ नकोस. आईला सांग, मी सुखरूप आहे. कुठे, ते मात्र सांगू नकोस. तिला खोटं बोलता येत नाही.

तुझीच,
ताई